पगार एकाचा, भरणारे तिघे
काहींना वाटतं, श्रीमंत संघाने डेडलाइनला, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेला, पैसे ओतावेत आणि हवा तो खेळाडू उचलावा. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, तेच तर चालत नाही! कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, कडक आहे; एनबीए या बास्केटबॉल लीगसारखा जादा कर भरून सुटका नाही. म्हणून खरी किंमत कॅपमधल्या मोकळ्या जागेची असते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सेंट लुईसकडून टोरांटोकडे गेलेला रायन ओ'रायली घ्या. कॅपवर ७५ लाख डॉलरचा गडी. सेंट लुईसने त्याच्या पगाराचा निम्मा भार स्वतःकडे ठेवला, मिनेसोटाने मध्ये पडून पाव उचलला, टोरांटोच्या खात्यावर उरले १८ लाख ७५ हजार. मिनेसोटाला काय मिळालं? चौथ्या फेरीतला एक पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क. नुसती जागा भाड्याने दिल्याचे!

आणि टॅम्पा संघाचा कुचेरोव्ह कसा विसरणार? २०२०-२१ चा अख्खा साखळी मोसम दुखापतीच्या यादीत, त्यामुळे संघाला तेवढं कॅपच्या वर जाता आलं; प्लेऑफला (बाद फेरीला) तेव्हा कॅपच नाही, म्हणून पहिल्याच सामन्यात हजर आणि चषक टॅम्पाचा. नियमात बसणारं होतं, पण विजयोत्सवात '१.८ कोटींनी कॅपच्या वर' असा टी-शर्ट घालून फिरणं म्हणजे कहरच. २०२५-२६ पासून प्लेऑफमध्येही सामन्यात उतरणारे २० जण कॅपमध्ये बसवावे लागतात, त्यामुळे ती वाट बंद.