'ग्लूटिनस' तांदळात ग्लूटेन असतं का?

प्रश्न : थाई आंबा-भाताच्या पाककृतीत 'ग्लूटिनस राईस' घ्यायला सांगितलंय. भाचीला ग्लूटेन चालत नाही. मग हा भात तिला द्यायचाच नाही का? आणि ह्या शब्दाला मराठीत काय म्हणायचं?

उत्तर : तांदळात गव्हासारखं ग्लूटेन नसतंच, चिकट तांदळातही नाही. लॅटिनमध्ये 'ग्लूटेन' म्हणजे सरस, सुतार लाकडं जोडायला वापरायचे तो. 'ग्लूटिनस' म्हणजे सरसासारखा चिकट, एवढंच. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळून धुतला की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. इटलीतल्या बोलोन्याचे शास्त्रज्ञ बेक्कारी ह्यांनी १७४५ मध्ये ह्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या लगद्यालाही चिकटपणामुळेच 'ग्लूटेन' नाव मिळालं. शब्दांचं मूळ एक, पदार्थ वेगळे.

भात चिकटतो तो स्टार्चमुळे. स्टार्चचे दोन घटक : अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. बासमतीच्या स्टार्चमध्ये अमायलोज साधारण २० ते २५ टक्के असतं, म्हणून शितं सुटी राहतात. चिकट तांदळात ते जवळजवळ नसतंच, बहुतेक सगळं अमायलोपेक्टिन. आसामचा बोरा साऊल आणि मणिपूरचा काळा चाक-हाओ ह्याच जातकुळीतले.

म्हणून कुणी 'ग्लूटेनयुक्त तांदूळ' असं भाषांतर केलं की मला फार वाईट वाटतं. पथ्य पाळणारं माणूस विनाकारण एका पदार्थाला मुकतं. सरळ 'चिकट तांदूळ' म्हणा. मात्र भाचीसाठी तयार पाकीट घेणार असाल तर त्यात आणखी काय घातलंय ते वाचून घ्या. चिकट तांदळाबरोबर सोया सॉस आला तर त्यात बहुधा गहू असतो.

प्रश्न : आमच्याकडे भात जास्त शिजला की 'गिचका झाला' म्हणतात. तेच का हे?

उत्तर : नाही. गिचका म्हणजे बिघडलेला, शितं मोडून लगदा झालेला. आसट भात मुद्दाम मऊ, ओलसर ठेवलेला, आजाऱ्याला किंवा लहान मुलाला द्यायचा. चिकट तांदळाचं शीत अख्खं राहतं आणि तरी शेजारच्याला धरून बसतं. लाओसमध्ये तो हातानेच गोळा करून खातात. आपला आंबेमोहोर मऊ आणि जरासा चिकट होतो, पण त्याला 'ग्लूटिनस' म्हणू नये.

प्रश्न : मग 'व्हिस्कस'ही चिकटच ना?

उत्तर : 'व्हिस्कस'मध्ये प्रश्न वाहण्याचा आहे. काकवी भांड्यातून सावकाश उतरते ती व्हिस्कस म्हणून; विज्ञानात ह्या गुणाला श्यानता म्हणतात. गाडीचं ऑइल व्हिस्कस असतं, पण त्याला ग्लूटिनस कुणी म्हणणार नाही. भेंडीच्या तारांना मात्र 'ग्लूटिनस' चालेल. आपण तिला बुळबुळीत म्हणतो, आणि तोच शब्द मला जास्त नेमका वाटतो, कारण त्यात निसटणंही येतं.