टोमॅटो क्लाउन माशाला जोडीदार आणला, दहा मिनिटांत त्याची शेपटी फाडली. आता काय करू?

खारंपाणी_बडोदा:
नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, खालच्या खोलीत खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी. दगड-वाळू वजा जाता दीडशेक लिटर पाणी. चार वर्षांपासून तिच्यात एकच टोमॅटो क्लाउन, बंड्या. आणला तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढा होता, आता साडेतीन इंच. ॲनिमोन (क्लाउन ज्याच्यात राहतात तो फुलासारखा समुद्री प्राणी) ठेवलेलं नाही. दिवाळीची एक मोठी कोरी पणती दगडाला टेकवून उभी केलीय, तेच त्याचं घर. पणतीच्या वीतभर आसपास कुणी फिरकायचं नाही. आधी दोन डॅमसेल मासे होते, ते शेवटी मित्राला देऊन टाकले. काच पुसायला हात घातला की अंगठ्याच्या मुळाशी चावतो. रक्त येत नाही, पण मी दचकतो आणि पाणी फरशीभर होतं. चिडला की जबड्याने टक् टक् करतो. रात्री पंखा बंद असला तर काचेबाहेर ऐकू येतं.

आई म्हणाली, एकटा पडलाय म्हणून पिसाळलाय, लग्न लावून टाक. मलाही पटलं. गेल्या शनिवारी मुंबईहून दुसरा टोमॅटो आणला, रात्रीच्या गाडीने, मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन. दुकानदार म्हणाला, सारख्या साइझचा घ्या, म्हणजे कुणी कुणाला दबणार नाही. ऐकायला बरोबर वाटलं. तासभर थेंब थेंब पाणी मिसळलं आणि सोडला. दहा मिनिटांत नव्याची शेपटी झालरीसारखी लोंबत होती आणि तो हीटरच्या मागे, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभा. जाळीने काढला. सध्या वीस लिटरच्या बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलाय. थोडंफार खातोय.

जखम भरली की पुन्हा सोडू का? आणि अजून एक. बंड्याचं अंग वर्षभरापासून दोन्ही बाजूंनी काळपट पडत चाललंय, नवाही तसाच आहे. हा काही रोग तर नाही ना? खारेपणा १.०२५, तापमान २६-२७.

शेवउसळ_तिखट:
पुन्हा सोडू नका भाऊ. आणि आधी बादलीकडे बघा. फिल्टर नाही म्हणजे अमोनिया चढणार, रोज थोडं पाणी बदला. लढाईत वाचलेला मासा माझ्याकडे बादलीत मेलाय.

निवृत्त_मास्तर:
रोग नाही. बंड्या बाई आहे.

क्लाउनफिशचं पिल्लू सुरुवातीला धड नर नसतं, धड मादी नसतं. एका ॲनिमोनमध्ये जी सगळ्यांत मोठी ती मादी, दुसऱ्या नंबरचा तो नर, बाकी सगळी कच्ची पोरं. मादी मेली की नराची मादी होते आणि पोरांतलं मोठं नर होतं. परतीची वाट नाही. एकदा मादी झाली की झाली. तुमच्याकडे चार वर्षं वरचढ कुणी नव्हतंच, मग दुसरं काय होणार? टोमॅटोमध्ये ते डोळ्यांना दिसतं. मादीच्या बाजू काळवंडतात, नर लहान आणि लाल राहतो, पिलाच्या अंगावर एकाऐवजी दोन-तीन पांढरे पट्टे असतात. तुमचा नवा तेवढाच मोठा आणि तसाच काळपट असेल, तर तीही बाईच समजा. एका पणतीत दोन सासवा घातल्यात तुम्ही.

दबणारा हवाच, सगळी मेख तिथेच आहे. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ मध्ये हेच मांडलं होतं: मादी नराला दांडगाईने खाली ठेवते, म्हणून तो नर राहतो. पीटर बस्टन या संशोधकाने २००३ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या क्लाउनवर लिहिलं. त्यात तर खालचे मासे आपली वाढच आवरून धरतात, कारण वरच्याच्या अंगाबरोबरीला आले तर घराबाहेर. तुम्हाला घरजावई हवा होता.

एक-सव्वा इंचाचं, पट्टे न गेलेलं पिल्लू घ्या. टोमॅटोचंच, दुसऱ्या जातीचं नको. मिळालं तर हॅचरीतलं. सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपम आणि केरळात विळिंजमला क्लाउनची पैदास करून दाखवलीय, समुद्रातून पकडलेलंच हवं असं नाही. आल्यावर चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. क्लाउनला ब्रुकलिनेला हा परजीवीचा रोग फार धरतो. अंगावर पांढरट बुळबुळीत थर, धाप, आणि दोन-चार दिवसांत खेळ संपतो.

मीठभाकर_आजवारोड:
काकांनी कारण सांगितलं, मी भांडी सांगते. माझ्याकडे मरून क्लाउनची मादी आहे, तिच्यापुढे तुमचा बंड्या गरीब गाय. सिंकजवळ चमचे उभे ठेवायचा भोकाभोकांचा प्लास्टिकचा डबा असतो ना, तो नवा आणा. साबणाचा जुना नको. धातूची कडी-तार काढून टाका, केबल टायने बांधा आणि काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांवर टांगा. पिल्लू त्यात. डबा पणतीपासून हातभर लांब सुरू करा, रोज थोडा जवळ आणा.

पहिले दिवस ती डब्यावर धडका मारेल, टक् टक् करेल. मारू दे. तुम्ही पिलाकडे बघा. ती जवळ आली की पिल्लू अंग थरथरवतं, कधी एका कुशीवर कलतं. ते आजारी नाही, तो त्याचा नमस्कार आहे. थरथर नसेल तर सोडायची घाई करू नका. माझ्याकडे सोळा दिवस लागले.

सोडायच्या दिवशी मी उलटं केलं: बाईसाहेब डब्यात, पिल्लू टाकीत, तीन दिवस. दगडही हलवले, म्हणजे तिची हद्द पुसली गेली. मग संध्याकाळी पोटभर खायला घालून, दिवे बंद करून तिला सोडलं. टोचे मारणं, पाठलाग, एवढं चालतं. पंख फाटले, पिल्लू वर कोपऱ्यात अडकून राहिलं किंवा खायचं थांबलं, तर ताबडतोब डब्यात परत.

खारंपाणी_बडोदा:
आईला सांगितलं बंड्या बाई आहे. ती म्हणाली, तरीच. पुढे काही बोलली नाही.

दुसरी बाई कारेलीबागच्या मित्राच्या रिकाम्या टाकीत गेली. शेपटी भरतेय. पिल्लू सांगून ठेवलंय. मास्तर, पणती काढून टाकू का? भांडणाचं मूळ तीच.

निवृत्त_मास्तर:
पणती राहू द्या, फक्त जागा बदला. घर गेलं तर ती पंपाला धरून बसेल, आणि तुमचा हात तिथेही जाणारच.

खारंपाणी_बडोदा (अडीच महिन्यांनी):
हिशेब देतो. पिल्लू एक इंचाचं, अंगावर दोन पट्टे. चार आठवडे वेगळं, मग चमच्यांच्या डब्यात बारा दिवस. पाचव्या दिवशी थरथर दिसली. सगळ्या अंगाला कापरं, डोकं खाली. ताईंनी सांगितलं नसतं तर मी औषध शोधत बसलो असतो. बंड्याला (नाव बदलवत नाही हो) तीन दिवस डब्यात घातली, दगड हलवले. सोडलं त्या रात्री शेव-उसळीची ताटली घेऊन टाकीसमोर स्टुलावर बसलो होतो. तिने दोनदा पिटाळलं, शेपटीचा एक कोपरा खाल्ला. तिसऱ्यांदा ते पळालंच नाही, जागच्या जागी कुशीवर कललं. ती त्याच्याभोवती एक फेरी मारून पणतीत गेली.

आठवडाभर ते पणतीच्या काठावर बाहेर झोपलं. परवापासून आत आहे. मला मात्र पूर्वीसारखीच चावते.

आता नवं. दोन दिवस झाले, पणतीचा तळ ती तोंडाने घासतेय, अगदी पांढरा स्वच्छ केलाय. अंड्यांची तयारी म्हणायची का?

निवृत्त_मास्तर:
एवढ्याशा पोराकडून एवढ्यात अंडी कसली! शेवाळ खात असेल. वर्षभराने विचारा.