बाबांचं विंडोज, ताईचा मॅक, माझं उबंटू: एकमेकांची स्क्रीन बघायची कशी?

प्रश्न
नमस्कार मंडळी, माझ्या लॅपटॉपवर उबंटू २२.०४ आहे, बाबांकडे विंडोज ११ होम आणि ताईकडे मॅक. बाबांचं काही अडलं की फोनवर "आता उजवीकडे वर काय दिसतंय" असं विचारण्यातच अर्धा तास जातो, ते पण वैतागतात. म्हणून रेमिना (दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणारं ॲप) टाकून आरडीपीने (विंडोजमध्ये दुरून लॉगिन करायची सोय) जोडायला गेलो तर कनेक्टच होत नाही. ताईला माझी स्क्रीन दाखवायला एक ॲप टाकलं तर तिला सगळं काळं दिसतंय. काय चुकतंय?

प्रतिसाद १
होम एडिशनवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतं पण होममध्ये कुणाला आत घेता येत नाही, त्याला प्रो लागतं. आणि खरं सांगू, प्रो असतं तरी तुझं काम झालं नसतं, कारण विंडोजवर आरडीपीने तू आत शिरलास की तिकडची स्क्रीन लॉक होते, मग बाबांना दाखवणार काय? तुला लॉगिन नकोय, दोघांना एकच स्क्रीन दिसायला हवीय. रस्टडेस्क हे स्क्रीन दाखवायचं ॲप टाक, ओपन सोर्स आहे, तिन्हीवर चालतं.

प्रतिसाद २
काळी स्क्रीन म्हणजे बहुतेक वेलँड, उबंटूची स्क्रीनवर चित्र दाखवणारी नवी यंत्रणा, ती इतर ॲपना सहज स्क्रीन बघू देत नाही. लॉगिन करताना खाली गिअरचं चिन्ह असतं तिथून 'उबंटू ऑन झॉर्ग' (झॉर्ग म्हणजे जुनी यंत्रणा) निवड आणि परत बघ (उबंटू २५.१० पासून हा पर्याय काढलाय, तेव्हा कायमचा उपाय समजू नको). ताईच्या मॅकची स्क्रीन बघायची असेल तर तिला प्रायव्हसीमध्ये जाऊन स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी दोन्ही परवानग्या द्याव्या लागतील, पहिली नसेल तर नुसता वॉलपेपर दिसतो, दुसरी नसेल तर माउस हलत नाही.

प्रतिसाद ३
कुणी राउटरवर ३३८९ किंवा ५९०० पोर्ट (बाहेरून तुमच्या स्क्रीनपर्यंत यायची दारं) उघडायला सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस, असे उघडे पोर्ट शोधणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात. आणि बाबांना नीट बजावून ठेव की रस्टडेस्कचा आयडी-पासवर्ड फक्त त्यांनी स्वतः तुला फोन केला असेल तेव्हाच सांगायचा, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला कधीच नाही. वयस्कर माणसांना याच वाटेने लुबाडतात.

प्रश्नकर्ता
झॉर्गने काळी स्क्रीन गेली, रस्टडेस्क पण सुरू झालं, मनापासून आभार! फक्त बाबांकडे 'बदल करू द्यायचे का' असं विचारणारी खिडकी आली की माझ्याकडून क्लिकच होत नाही.

प्रतिसाद १
नुसती फाइल उघडून चालवतोयस वाटतं. बाबांच्या मशीनवर रीतसर इन्स्टॉल कर, मग ती खिडकी तुलाही दिसेल आणि हो म्हणता येईल.