बॅटरी भाड्याची, गाडी आपली: हा हिशेब जमतो का?

चाकोरीबाहेर
विजेच्या गाडीच्या किमतीत ढोबळ मानाने तिसरा हिस्सा एकट्या बॅटरीचा. तो गिऱ्हाइकाकडून पहिल्याच दिवशी वसूल करायचा आणि मग गाडी महाग म्हणून कोणी घेत नाही असं रडायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. पेट्रोलची गाडी घेताना पुढच्या दहा वर्षांच्या पेट्रोलचे पैसे शोरूममध्येच कोणी मोजतं का?
गाडी विका, बॅटरी भाड्याने द्या. चीनमध्ये निओ ही गाडी-कंपनी २०२० पासून हेच करते आहे. बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मालकीची, तुम्ही महिन्याचं भाडं भरायचं, आणि अदलाबदल केंद्रावर पाचेक मिनिटांत चार्ज केलेली बॅटरी बसवून मिळते. तंत्रज्ञान स्वस्त व्हायची वाट बघण्यापेक्षा विकायची पद्धत बदलली तर गाड्या लवकर रस्त्यावर दिसतील, असं माझं मत. बोला.

हिशेबनीस
बोलतो. गेल्या महिन्यात अशाच एका योजनेचं कोटेशन घेऊन बसलो होतो. दर किलोमीटरमागे भाडं, आकडा बघून जीव सुखावला. मग दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात: महिन्याला किमान १५०० किलोमीटरचे पैसे भरावेच लागतील. माझं रोजचं जाणं-येणं २२ किलोमीटर. महिनाभर एकही सुट्टी न घेता फिरलो तरी ६६०. म्हणजे निम्म्याहून जास्त भाडं उभ्या गाडीचं! शिवाय गाडीचा हप्ता वेगळा, विमा वेगळा. दहा वर्षांची बेरीज मारली तर बॅटरीसकट गाडी घेणं स्वस्त पडत होतं.
तुमच्या योजनेत किंमत कमी होत नाही हो, तिचे तुकडे होतात.

स्टेपनी
बेटर प्लेस आठवते का कुणाला? शाय अगासींची कंपनी, २००७ ची. इस्रायल आणि डेन्मार्कमध्ये अदलाबदल केंद्रं उभारली, ८० कोटी डॉलरच्या वर भांडवल गोळा केलं, आणि मे २०१३ मध्ये दिवाळं. गाड्या विकल्या दीड हजारसुद्धा नाहीत. तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, की पेट्रोल जसं टप्प्याटप्प्याने घेतो तसं बॅटरीचं करा. धागा छान आहे, फक्त बराच उशिरा आला.

चाकोरीबाहेर
@स्टेपनी, बेटर प्लेसकडे अदलाबदल होणारी गाडी एकच होती, रेनॉची फ्लुएन्स. दुसऱ्या कोणत्याही कंपनीने त्या मापाची बॅटरी बनवली नाही. गिऱ्हाइकं येण्याआधी केंद्रं बांधून ठेवली. चूक कल्पनेची की अंमलबजावणीची?

स्टेपनी
बरं, मग निओचं बघा. २०२४ पर्यंत एकही वर्ष नफ्यात गेलेलं नाही. अंमलबजावणी तर झकास आहे म्हणता.

गॅरेजवाला
मी रोज गाड्या बघतो म्हणून एक सांगतो. एकजण चार वर्षांची गाडी विकायची म्हणून घेऊन आला. टायर ठीक, सस्पेन्शन ठीक, रंग तर नव्यासारखा. बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट मागितला. म्हणाला, "बॅटरी माझी नाहीये." घेणारा शेजारीच उभा होता, त्याचा चेहरा बघायला हवा होता. गाडी घ्यायची आणि अनोळखी कंपनीचा भाडेकरार गळ्यात घालून घ्यायचा? गेला निघून.
युरोपात रेनॉच्या झोईचंही हेच झालं. भाड्याच्या बॅटरीवाली जुनी झोई घेणाऱ्याला बॅटरीचा करारही घ्यावा लागायचा. पुढे कंपनीने मालकांना बॅटरी विकत घ्यायची सोय दिली आणि नव्या गाड्यांवर भाडं बंदच केलं.

बेरीज_वजाबाकी
सगळे भाड्याच्या आकड्यावर भांडताय. खरा प्रश्न असा, की बॅटरीची किंमत घसरते तो तोटा कोणाच्या खिशातून जाणार?
ऊर्जाबाजाराचा अभ्यास करणाऱ्या ब्लूमबर्गएनईएफ संस्थेची बॅटरीच्या किमतीची जागतिक सरासरी बघा. २०१० मध्ये एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीला हजार डॉलरच्या वर खर्च यायचा, २०२४ मध्ये ११५. म्हणजे ६० युनिटची बॅटरी साठ हजार डॉलरवरून सातेक हजारांवर आली. गिऱ्हाईक म्हणून आनंद आहे. पण बॅटऱ्या विकत घेऊन भाड्याने देणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. गोदामातला माल दरवर्षी स्वस्त होतोय, आणि पाच वर्षांनी शेजारचा नवा दुकानदार तुमच्यापेक्षा निम्म्या भाड्यात देणार. मग तुम्ही काय कराल? पहिल्या काही वर्षांतच पैसे काढून घ्याल. हिशेबनीस यांना दिसलेली १५०० ची अट तिथून येते, कुणाच्या दुष्टपणातून नाही.
गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झ कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घेणार असं जाहीर केलं. २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती पुन्हा पुन्हा उतरवल्या, त्याबरोबर हर्ट्झकडच्या जुन्या गाड्यांचं मोलही कोसळलं. दुरुस्तीचा खर्च होताच. जानेवारी २०२४ मध्ये २० हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या. भाडं, लीज, सबस्क्रिप्शन, नाव काहीही द्या, घसारा कोणाच्या तरी वहीत लिहावाच लागतो.
तरी मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, थोडासा. सामान्य माणूस बॅटरी आठ वर्षांनी मेली तर काय या भीतीने गाडीच घेत नाही. हजारो बॅटऱ्या सांभाळणाऱ्या कंपनीला ती भीती आकड्यात मांडता येते. तो धोका विकत घेणं हाच धंदा आहे. किंमत कमी झाल्याचं नाटक मात्र करू नका.

लहान तोंडी
मोठा घास घेतो. बॅटरीच लहान करा की! वुलिंगची होंगग्वांग मिनी २०२० मध्ये आली, नऊ-सव्वानऊ युनिटची बॅटरी, एका चार्जमध्ये १२० किलोमीटर, फास्ट चार्जिंगसुद्धा नाही. चीनमध्ये लाखोंनी खपली. ना अदलाबदल, ना भाडं, ना बारीक अक्षरं.

चाकोरीबाहेर
आणि सुट्टीत चारशे किलोमीटर जायचं असेल तर? ढकलत नेऊ?

लहान तोंडी
वर्षातून चारदा लांब जायचं म्हणून उरलेले साडेतीनशे दिवस तीन-चारशे किलोची बॅटरी वाहायची? त्या चार दिवसांपुरती दुसरी गाडी भाड्याने घ्या. भाडं तुम्हाला आवडतं ना?

चाकोरीबाहेर
😄 हे मान्य. पण @बेरीज_वजाबाकी, घसारा कोणीतरी सोसायचा आहे तर सरकारने का नाही? फ्रान्सने २०२४ च्या सुरुवातीला कमी उत्पन्न आणि कामासाठी लांब गाडी चालवावी लागणाऱ्यांसाठी महिना १०० युरोच्या आसपास लीज काढली. सुमारे ५० हजार अर्ज मंजूर झाले आणि काही आठवड्यांतच नोंदणी बंद करावी लागली. मागणी नाही असं कोण म्हणतं?

स्टेपनी
शंभराची नोट चाळीसला विकली तरी रांग लागते. करदात्याच्या पैशावरच्या रांगेला बिझनेस मॉडेल म्हणायचं का?

बेरीज_वजाबाकी
@स्टेपनी, इतकं सरसकट नको. तीन वर्षांनी लीज संपली की ५० हजार वापरलेल्या गाड्या बाजारात येतील. नवी गाडी परवडत नाही त्याला पहिल्यांदा विजेची गाडी तिथे मिळेल. बरेच लोक आयुष्यात नवी गाडी घेतच नाहीत, आणि या धाग्यावर गॅरेजवाले सोडले तर जुन्या बाजाराबद्दल कोणीच बोललं नाही.

हिशेबनीस
माझ्यापुरतं सांगतो. ती किमान किलोमीटरची अट काढा, उद्या सही करतो.

चाकोरीबाहेर
मग दर किलोमीटरचा भाव वाढेल. वर वाचलंत ना कारण.

हिशेबनीस
वाढू दे. चाललेल्या किलोमीटरचे दीडपट देईन, उभ्या गाडीचे देणार नाही.

गॅरेजवाला
आणि बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट? तो कोणाच्या सहीने मिळणार तेवढं सांगा. माझ्याकडे उद्या अजून एक गाडी येतेय.