रेग्युलेटरचे ५० टक्के म्हणजे निम्मी हवा नव्हे

एक्झॉस्ट पंख्याचा रेग्युलेटर ५० टक्क्यांवर असेल तर कॅटलॉगमधल्या आकड्याच्या निम्मी हवा धरा, असं सुचवलं जातं. कृपया तसं करू नका. निम्म्या वेगाला निम्मी हवा हा नियम खरा आहे, पण तो आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, नॉबवरच्या टक्क्यांचा नाही. पात्याला चमकती पट्टी चिकटवा आणि टॅकोमीटरने फेरे मोजा.

त्याहून जास्त नडतो तो दाब. वेग निम्मा झाला की दाब चौथाईच उरतो. समोरून वारा असेल किंवा पंख्यासमोरच्या झडपा स्वतःच्या वजनाने मिटत असतील तर तेवढा पुरत नाही. मी पाहिलंय, पंखा व्यवस्थित फिरतोय, झडपा जेमतेम बोटभर उघड्या आणि समोर धरलेला कागद हलतही नाही. अशा ठिकाणी प्रमाण मांडून काढलेलं उत्तर साफ चुकतं.

त्यामुळे थेट मोजलेलं बरं. ३०० मिमी व्यासाच्या डक्टचं (हवा वाहून नेणाऱ्या नळीचं) क्षेत्रफळ साधारण ०.०७ चौरस मीटर. हवेचा सरासरी वेग सेकंदाला ४ मीटर आला तर ताशी सुमारे १,००० घनमीटर हवा. फक्त अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) एकट्या मध्यभागी धरू नका, कडेला वेग कमी असतो. पंख्यापासून लांब, सरळ भागात दहा-बारा ठिकाणी मोजून सरासरी काढा. दोन-तीन वेगांना हे केलं की तुमच्याच पंख्याचा आलेख हाती येतो.