गोल्फ: सिंगल हॅन्डिकॅपसाठी आयर्न सेट: ताबाही राहावा, चूकही सांभाळली जावी. काय घ्यावं?

नमस्कार मंडळी,

तीन महिने झाले, गोल्फच्या नव्या आयर्न सेटचा (धातूच्या पातळ डोक्याचे क्लब, आकडा वाढला की क्लब आखूड आणि चेंडू जवळ) निर्णय होत नाहीये. ज्यांनी मसलबॅक (भरीव, पातळ डोक्याचे क्लब, ताबा जास्त पण चूक न सांभाळणारे) सोडून दुसरं काही घेतलंय त्यांचा अनुभव हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वय ४८, हॅन्डिकॅप ७ (म्हणजे पार, ठरलेल्या फटक्यांपेक्षा, साधारण सात जास्त), उजव्या हाताने खेळतो. खेळ बहुतेक येरवड्याला, अधूनमधून चेंबूरला. गेली बारा वर्षं एकच फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) मसलबॅक सेट आहे, ४ आयर्न ते पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा, जास्त कललेला क्लब), शाफ्ट (दांडा) डायनॅमिक गोल्ड एस ३००. या सेटवर माझा जीव आहे. वाऱ्यात ९ आयर्न खालून काढायची असो की ७ आयर्नने झाडाला वळसा घालायचा असो, मनात आलं की होतं. पण गेल्या वर्षापासून डावं कोपर दुखतंय आणि बाराव्या-तेराव्या होलनंतर फटका टोच्या बाजूला (फेसचं, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचं, दांड्यापासून लांबचं टोक) सरकायला लागतो.

नेमका किती सरकतो ते बघायला रेंजवर बसून मोजलं. पांढऱ्या फळ्यावर लिहायचा मार्कर असतो ना, त्याने चेंडूवर जाड ठिपका काढायचा आणि ठिपका क्लबकडे करून मारायचं. फेसवर शाई उमटते. ७ आयर्नचे ३० चेंडू मारले, दर वेळी फेस ओल्या फडक्याने पुसून. १९ ठसे मधोमध, रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील एवढ्यात. ८ टोकडे आणि थोडे खाली, ३ अगदी खालच्या ग्रूव्हवर. हीलकडे (दांड्याजवळच्या टोकाला) एकही नाही. मधल्या ठशांचा कॅरी (हवेतलं अंतर) १५२ यार्ड, टोकडच्यांचा १३६ ते १४०. म्हणजे बंकर (वाळूचा खड्डा) आरामात ओलांडेल असं धरून क्लब काढायचा आणि चेंडू बंकरमध्ये बघायचा. हे १२-१६ यार्ड मला वाचवायचे आहेत. अंतर वाढवायचं नाहीये. हे मुद्दाम लिहितोय, कारण दुकानात पाऊल ठेवलं की पहिलं बोलणं अंतराचंच होतं.

मध्यंतरी मित्राचा हलो-बॉडी (पोकळ डोक्याचा) सेट महिनाभर वापरला. त्याच्या ७ आयर्नचा लॉफ्ट (फेसचा कल) ३० अंश, माझ्या जुन्याचा ३४. कॅरी थेट १६६, आणि टोवर लागलेला चेंडूसुद्धा १६० च्या आसपास. चूक खरोखर सांभाळली जाते, यात वाद नाही. पण लाँच मॉनिटरवर (चेंडूचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावर) स्पिन (मिनिटाला फेरे) ४,९०० आणि चेंडू उतरण्याचा कोन ४१ अंश दिसला. माझ्या जुन्या ७ आयर्नला स्पिन ६,४०० आणि कोन ४६. पीजीए टूरवरच्या खेळाडूंची ७ आयर्नची सरासरी ट्रॅकमॅनच्या (असंच मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांत साधारण ७,१०० आणि ५० अंश आहे. तिथवर माझी मजल जाणार नाही हे ठाऊक आहे, पण ४१ अंश फारच सपाट. एप्रिलमध्ये ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत) कडक झाले की तो चेंडू थांबतच नाही. त्यात रफमधून (वाढलेल्या गवतातून) दोनदा असा फ्लायर (स्पिन कमी होऊन भलताच लांब गेलेला चेंडू) उडाला की चेंडू ग्रीनच्या मागे झाडांत. आखूड पडलं तर चिप करून पार वाचवता येतो. मागच्या उतारावरून नाही वाचत.

सध्या यादीत आहेत टायटलिस्टचे टी१०० आणि टी१५०, मिझुनो प्रो २४३, पिंग आय२३० आणि स्रिक्सनचे झेडएक्स५, झेडएक्स७ मार्क टू. ७ आयर्नचा लॉफ्ट टी१०० ला ३४, आय२३० ला ३३, टी१५० आणि प्रो २४३ ला ३२.

अडलंय ते असं. मला ४, ५, ६ टी१५० आणि पुढे टी१०० असा कॉम्बो आवडतोय. पण टी१५० दोन अंशांनी स्ट्राँग (लॉफ्ट कमी), त्यामुळे ६ आणि ७ मध्ये ४ ऐवजी ६ अंशांचं अंतर पडतं. सगळाच सेट टी१५० घेतला तर पिचिंग वेज ४४ अंशांची येते, आणि माझ्या वेजेस ५२ आणि ५८. मधली ८ अंशांची खिंडार बुजवायला पिशवीत जागा नाही, चौदा क्लब भरलेत. शिवाय माझी वाईट चूक डावीकडची आहे. ऑफसेट (फेस दांड्याच्या किती मागे आहे ते अंतर) थोडा जरी जास्त दिसला तरी हात आपोआप आखडतात. कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद, चेंबूरहून

पहिला प्रश्न, तुम्ही रेंजचेच चेंडू मारले होते का? रेंजच्या चेंडूंवर स्पिनचा आकडा भरवशाचा नसतो. स्वतःचे १२ चेंडू घेऊन जा आणि दोन्ही क्लब पुन्हा मारा. मॉनिटर हवा आणि उंची धरून आकडे बदलतोय का तेही विचारा. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, इथे खाली आलात की १५० यार्डांत २-३ यार्ड कमी होतातच.

मी तीन वर्षांपूर्वी मसलबॅक सोडले. माझा अनुभव असा की खरी मदत लांब आयर्नला लागते, ८ आणि त्याहून आखूड आयर्नला फारसा फरक जाणवत नाही. ४ आयर्न तर मी काढूनच टाकली, तिच्या जागी हायब्रीड (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब) आहे. तुमच्याकडे हायब्रीड आधीच असेल तर ४ सोडा, त्या जागी ४८ ची वेज येईल. ४४, ४८, ५२, ५८. खिंडार बुजली.

निवडताना सर्वात लांब गेलेला चेंडू विसरा. दहा चेंडूंतला सर्वात आखूड आणि सर्वात लांब यांच्यात किती फरक पडतो तेवढंच वहीत लिहा.

प्रतिसाद, क्लब दुरुस्ती आणि फिटिंगचं काम करतो

तुमच्या कॉम्बोवर उपाय आहे. टी१५० फोर्ज्ड आहे, वाकवता येतं. ५ आणि ६ एकेक अंश वीक (लॉफ्ट जास्त) करून घ्या आणि ७ एक अंश स्ट्राँग, मग ६ आणि ७ मधलं अंतर ४ वर येतं. फक्त ८ पर्यंतचे लॉफ्टही त्याच हिशेबाने थोडे सरकवावे लागतील. लॉफ्ट वीक केला की ऑफसेट किंचित कमी होतो, तो तुमच्या फायद्याचा. पण बाऊन्स (सोलचा, म्हणजे क्लबच्या तळाचा, जमिनीशी कोन) तेवढाच वाढतो. पावसाळ्यात ते चालतं, उन्हाळ्यात फेअरवे दगडासारखे झाले की सोल उसळून चेंडूच्या पोटात बसू शकतो. म्हणून एका अंशापलीकडे जाऊ नका. पिंगचं डोकं कास्ट स्टेनलेस स्टीलचं आहे, तिथे माझ्याकडे असं वाकवायला आणू नका. लॉफ्ट-लाय ऑर्डर देतानाच ठरवा.

आणि डोक्याआधी शाफ्ट बघा. एस ३०० जवळपास १३० ग्रॅमचा आहे. कोपर दुखतंय, बाराव्या होलनंतर ठसे टोकडे जातात, हे मला थकव्याचं लक्षण वाटतं. १०५ ते ११० ग्रॅमचा शाफ्ट तुमच्याच जुन्या ७ आयर्नला बसवून तीन राऊंड खेळा. ठसे परत मध्ये आले तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला. लाय अँगलही (दांड्याचा जमिनीशी कोन) तपासा. क्लब फार सपाट असेल तर टो आधी जमिनीला लागतो.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल स्वतःचे चेंडू घेऊन गेलो. हलो-बॉडीचा स्पिन ५,४०० वर गेला, कोन ४२. थोडा सुधारला, तरी माझ्या ग्रीनवर पुरणार नाही, त्यामुळे तो प्रकार यादीतून गेला. लायबद्दल तुमचं बरोबर निघालं. सोलवर टेप लावून बोर्डवर मारलं, तर घासल्याची खूण स्पष्ट टोकडे. दोन अंश अपराइट (दांडा जास्त उभा) करायला दिलंय. पण अपराइटने चेंडू आणखी डावीकडे जाईल ही धाकधूक आहे, म्हणून आधी एकट्या ७ आयर्नलाच करून बघतो. १०५ ग्रॅमचा शाफ्टही त्याच क्लबला बसवायला सांगितलाय, शनिवारी हातात येईल.

४ आयर्न सोडायची हेही ठरलं. आता टी१५० की प्रो २४३ एवढाच प्रश्न उरलाय. पुण्यात कुणाकडे प्रो २४३ ची ६ आयर्न असेल तर रविवारी सकाळी सातच्या आधी रेंजवर दहा चेंडू मारू द्याल का? मॅटवर नको, गवतावर मारायचेत. चेंडू आणि मार्कर मी आणतो.