एका स्वल्पविरामापायी टँकर आला. लिहून झालं की एकदा वाचायला काय होतं?

ठाणेकर
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला मेसेज आला, जसाच्या तसा देते: "उद्या पाणी येणार नाही आलं तर टँकर सांगा". आता हे कसं वाचायचं? लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, उद्या पाणी येणार, नाही आलं तर टँकर सांगा. बी विंगवाल्यांनी वाचलं की उद्या पाणी येणार नाही, आणि सकाळी सहालाच टँकर बोलावून मोकळे झाले. सातला नळाला पाणी आलं, टँकर गेटवर उभा, पैसे तर द्यावेच लागले, आणि ते कुणी द्यायचे यावरून दोन दिवस वादावादी. मी एवढंच लिहिलं की दादा, 'येणार'नंतर एक स्वल्पविराम दिला असता तर हे झालं नसतं. उत्तर आलं, "समजून घ्यायचं ना, इथे काय मराठीचा पेपर आहे का". त्याला अकरा अंगठे.

पैशाचं जाऊ दे, मला ते अंगठे लागले. हीच मंडळी ऑफिसचा इंग्लिश ईमेल तीनतीनदा वाचून पाठवतात, स्पेलिंग चुकलं तर कानकोंडी होतात. आणि मराठीत रोज 'जेष्ठ नागरिक', 'आर्शिवाद', 'उज्वल यश', 'मला जॉब भेटला', 'माझी मदत करा'. दहावीच्या निकालाला तसंच, कुणी गेलं तरी तसंच.

तर विचारायचंय की यातलं खरंच चूक काय आणि बोलायची पद्धत म्हणून सोडून द्यायचं काय? आणि सांगायचं कसं, म्हणजे समोरचा दुखावणार नाही?

अकोल्याचा
ताई, तुम्ही दिलेला मेसेज परत बघा. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. न-ण बरोबर, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, तरी टँकर आला. म्हणून म्हणतो, चुका दाखवणारे भलतीकडेच बोट दाखवतात.

मी कॉलेजला पुण्यात आलो तेव्हा एका ग्रुपवर स्कॉलरशिपच्या फॉर्मबद्दल विचारलं होतं, शेवटची तारीख दोन दिवसांवर होती. लिहिताना 'कोनी सांगू शकते का' असं लिहिलं. चौदा उत्तरं आली, चौदाही त्या 'कोनी'वर. फॉर्मबद्दल एकानेही सांगितलं नाही, तारीख निघून गेली, आणि मी पुढची कितीतरी वर्षं मराठीत चार ओळी लिहिल्या नाहीत, इंग्लिशमध्ये मोडकंतोडकं लिहायचो, त्याला कोणी हसत नव्हतं.

माझी आई 'लोनी' म्हणते, 'पानी' म्हणते, 'काय करून राहिला' म्हणते. तिच्या तोंडी ण नाहीच. पण तिचं 'लोनी' रोज 'लोनी'च असते, आणि बोलताना ती एक वाक्य अर्धवट टाकत नाही, कोणाला काय सांगायचं ते पुरतं सांगते. घाईने लिहिणारा एकाच मेसेजमध्ये 'पाहीजे', 'पाहिजे' आणि 'पायजे' तिन्ही लिहितो कारण त्याने परत बघितलंच नाही. या दोघांना एका मापाने मोजू नका एवढीच विनंती.

लोकलमधून
ताई राग मानू नका पण मी सकाळी सात बावीसला दारात उभं राहून एका हाताने टाइप करते दुसऱ्या हाताने दांडी धरलेली असते तेव्हा स्वल्पविराम कुठे शोधत बसू आणि आमच्या घरी सगळे जॉब भेटला असंच म्हणतात आजीपासून. मान्य आहे टँकरचा मेसेज लिहिणाऱ्याने नीट लिहायला हवं होतं कारण तो निरोप होता, गप्पा नव्हत्या. पण चाळीस लोकांसमोर सांगितलं की कुणालाही लागतंच, तेच त्याला वेगळं सांगितलं असतं तर ऐकलं असतं कदाचित.

जुळारी
सव्वीस वर्षं मुद्रितशोधनात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी 'भेटला' आणि 'मदत'. माणूस भेटतो, वस्तू मिळते, लेखी मराठीत हा फरक अजून जिवंत आहे आणि उपयोगाचा आहे. 'मला काका भेटले' आणि 'मला पैसे मिळाले' म्हटलं की क्रियापदावरूनच अर्धा अर्थ कळतो. बोलताना कुणी 'जॉब भेटला' म्हटलं तर मी टोकत नाही, अर्जात लिहिलं तर बदलतो. 'माझी मदत कर' ही मात्र हिंदीची सरळ नक्कल, आपण 'मला मदत कर' म्हणतो.

आर्शिवाद. ही चूक लग्नपत्रिकांपासून फ्लेक्सपर्यंत सगळीकडे दिसते आणि सुटायला सगळ्यात सोपी आहे. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो. मोठ्याने म्हणून बघा: आ-शीर्-वाद. र् हा 'वा'च्या आधी येतो, म्हणून रफार 'वा'वर, आणि शी दीर्घ. 'आर्शिवाद' लिहिलं तर ते आर्-शिवाद वाचलं जाईल. 'ज्येष्ठ'मध्ये ज्ये, 'उज्ज्वल'मध्ये दोन ज (उत् अधिक ज्वल), हेही तसंच, शब्द कसा जुळला ते कळलं की पाठ करावं लागत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाला लोक उगाच घाबरतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये ४ वाढले, सगळे मिळून १८. बरेचसे तर बोलण्यातच आहेत. फूल म्हणताना ऊ लांबतो, फुलाला म्हणताना आखडतो. मूल-मुलाला, खीर-खिरीत, चूल-चुलीवर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष हे शब्द वेगळे पडतात, त्यातला उ किंवा इ ऱ्हस्वच राहतो, ते लक्षात ठेवावे लागतात. त्यातलाच दिन. २७ फेब्रुवारीला 'मराठी भाषा गौरव दीन'च्या शुभेच्छा येतात तेव्हा मला आतून तुटतं, कारण दीन म्हणजे गरीब, बापुडा.

आणि कुणीतरी म्हणेलच म्हणून आधीच सांगतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत, विरामचिन्हंही नव्हती, ती आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली, मेजर कँडी या इंग्रज कोशकाराचं नाव त्यात घेतलं जातं. खरं आहे. पण मोडी लिहिणारा आणि वाचणारा दोघे तयारीचे असत, पत्राचे मायने, म्हणजे सुरुवातीचे ठरावीक मजकूर, ठरलेले असत. तुमच्या ग्रुपवर साडेदहाला झोपेत मेसेज उघडणाऱ्याला मायना माहीत नाही, त्याच्या हातात फक्त तुमची ओळ.

ठाणेकर ताई, सोसायटीत आहात तर शुद्धलेखनापेक्षा अनुस्वारावर नजर ठेवा. 'सभासदाचे पैसे परत केले' म्हणजे एकाचे. 'सभासदांचे पैसे परत केले' म्हणजे सगळ्यांचे. मध्ये फक्त एक टिंब. हिशेबात हे टिंब गळलेलं मी पाहिलंय.

मिरजकर
जुळारीकाकांनी छान सांगितलं, माझी एक भर, फोनबद्दल. निम्म्या चुका माणूस करतच नाही, तो इंग्लिश अक्षरात टाइप करतो, फोन पहिला शब्द सुचवतो, आणि बोट तिथेच पडतं. के ए एल टाइप केलं तर काल, काळ, कळ, कल यातलं काहीही येऊ शकतं. बोलून टाइप करणाऱ्यांचं तर बहुतेक वेळा एकही विरामचिन्ह उमटत नाही, ताईंचा टँकर मला त्यातलाच वाटतोय.

आमच्या घरचं सांगतो. चुलतबहिणीच्या लग्नाचा खर्च शेअर केला होता, त्यात ओळ होती 'आचार्यांना ११ हजार'. मोठे काका चिडले, गुरुजींना एवढी दक्षिणा कुणी कबूल केली म्हणून. ते होते आचाऱ्यांचे, म्हणजे स्वयंपाकवाल्यांचे. आचार्य-आचारी, दर्या-दऱ्या, एका र ने माणूस बदलतो. साधा र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) आणि य दाबलं की रफारच येतो. त्याऐवजी खाली टिंब असलेला ऱ घ्या (माझ्या कीबोर्डवर र दाबून धरला की दिसतो), मग हलन्त, मग य. पायऱ्या, दुसऱ्या, सगळं नीट येतं. तेवढी सवय झाली की वेळ जात नाही.

ठाणेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. अकोल्याच्या दादांचं वाचून थांबले जरा, कारण न-णवरून मीही पूर्वी एकदोघांना टोकलंय. आता नाही टोकणार.

लोकलमधल्या ताईंचं ऐकून टँकरचा मेसेज लिहिणाऱ्या मुलाला वेगळा फोन केला. तो खरंच बोलून टाइप करतो, मिरजकर म्हणतात तसंच. म्हणाला, काकू, मला तो मेसेज बरोबरच वाटत होता कारण माझ्या डोक्यात तो थांबून बोललेला होता. हे मला सुचलंच नव्हतं. आता निरोप असला की पाठवण्याआधी तो बहिणीला वाचायला देतो, तिला काय कळलं ते विचारतो.

आणि जुळारीकाका, तुमचं टिंब आमच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात सापडलं. 'सभासदाचे' असं तीन ठिकाणी होतं, त्यातलं एक डिपॉझिटच्या ठरावात. सह्या उद्या व्हायच्या होत्या, आज संध्याकाळी दुरुस्त करून सेक्रेटरींकडे देऊन आले.